मे महिन्यातली ताकद

मे महिन्यात भर दुपारी, अंगात लोकरी स्वेटर आणि खांद्यावर ज्वारीचं पोतं घेऊन जिना चढणारा माणूस तुम्ही पाहिलाय का? मी पाहिलाय. नायगावच्या कॉलेजात नोकरी लागली, खोली भाड्यानं घेतली आणि पहिल्याच दुपारी दार उघडलं तर समोर हे दृश्य. वरच्या पत्र्याच्या खोलीत राहणारे महेबूबचाचा. धंदा विचाराल तर कुलर दुरुस्तीचा!

"चाचा, उन्हानं डोकं फिरलं का?" गल्लीतून कुणीतरी रोज विचारायचं.

"फिरू दे की! दंड जाग्यावर ऱ्हायले म्हंजे झालं!"

त्यांचं मत ठाम होतं. "सर, थंडीत म्हातारी म्हैसबी पळती. ताकद बघायची तर मे महिन्यात." स्टँडजवळच्या एसीवाल्या जिमचं नाव काढलं की ते भडकायचे. "फ्रिजातली काकडी ती! बाहेर काढली की मान टाकती."

मलाही त्यांनी शागीर्द केलं. सकाळी मी ते पोतं सहज उचललं आणि नसलेली मिशी पिळली. "आता दुपारी या," चाचा म्हणाले. दुपारी तेच पोतं घामेजल्या हातांतून निसटायला लागलं, गुडघे मेणाचे झाले आणि मी जिन्यातच पोत्याला मिठी मारून बसलो. चाचांनी मीठ-साखरेचं पाणी पाजलं.

"उन्हात ताकद पळून जाती, सर. तिला आदत लावावी लागती. एकदम न्हाई, रोज थोडी थोडी."

"पण कशासाठी, चाचा? कुठं कुस्ती मारायचीय का?"

"हाव," ते डोळा मिचकावत म्हणाले. "लई मोठी."

चाचींना मी अजून पाहिलं नव्हतं. लकव्यामुळं त्या अंथरुणावर असतात, एवढंच ऐकलं होतं. मग एका दुपारी लाईट गेली. वरचा कुलर बंद पडला आणि पत्र्याखालच्या खोलीची भट्टी झाली. जिन्यात पावलं वाजली. चाचा चाचींना दोन्ही हातांवर घेऊन उतरत होते. मी धावलो, तर त्यांनी मानेनंच नको म्हटलं. चाची त्यांच्या गळ्याला धरून बजावत होत्या, "हळू. खाली बघा. माझ्याकडं काय बघायलाव?"

लिंबाखालच्या बाजेवर त्यांनी चाचींना अलगद ठेवलं. चाचींनी चांगल्या हातानं पदर घेऊन त्यांचं कपाळ पुसलं. जरा वेळानं चाचींचा डोळा लागला, तेव्हा चाचा माझ्याशेजारी ओट्यावर येऊन बसले.

"गेल्या उन्हाळ्यात अर्ध्या जिन्यात माझे हात गळाले," ते हळू आवाजात म्हणाले. "पडलो न्हाई, पण तिला घेऊन तिथंच बसावं लागलं. तिला वाटलं, आपलं वझं झालं. 'मला लेकीकडं नेऊन सोडा' म्हणून जेवायचीच बंद झाली."



चाचींच्या तोंडावर ऊन आलं होतं. चाचा उठले, त्यांच्यासकट बाज सावलीत सरकवली आणि परत येऊन बसले.

"तिला कसं सांगू, सर? ती जड न्हाई झाली. मीच ढिला पडलो होतो."