अकरा वर्षं लपवलेलं तळघर

सरकारला कसं चकवावं हे कुणाला शिकायचं असेल, तर त्यानं एल्डन क्राउझेकडे शिकवणी लावावी! निदान एल्डनचं स्वतःचं मत तरी तसं होतं. विस्कॉन्सिनमधल्या एवढ्याशा गावात स्कूलबस चालवून निवृत्त झालेल्या या गृहस्थानं अकरा वर्षं खपून घराखाली दुसरं घर उभं केलं होतं. लाकडी भिंती, गालिचा, न्हाणीघर आणि शनिवारी पत्ते कुटायला ब्रँडीचा बार! परवानगी? छे! परवानगी मागितली की नोंद होते, नोंद झाली की घराचे चौरस फूट वाढतात आणि चौरस फूट वाढले की घरपट्टी वाढते, हा त्याचा हिशेब. म्हणून खिडक्यांना काळे पडदे आणि पाहुण्यांना जाताना दम, "खाली काय पाहिलंत? काही नाही!"

त्याला संशय एकाच माणसाचा, शेजारच्या ऑर्व्हिलचा. एल्डननं खाली करवत सुरू केली रे केली की बाहेर ऑर्व्हिलचं गवत कापायचं मशीन घरघरायला लागायचं. हिवाळ्यात बर्फ उडवायचं मशीन. आणि तेही बर्फ नसताना!

"खूण करतोय तो," एल्डन आपल्या बायकोला, मार्लिसला सांगायचा. "घरपट्टीवाल्यांना!"

"गवताच्या मशीननं?"

"तेच तर! कुणाला शंका येणार?"

मार्लिस मान हलवून आपल्या कामाला लागायची. एल्डननं मात्र नऊ वर्षं ऑर्व्हिलशी अबोला धरला होता.

आता घर विकायचं होतं. डुलूथला मुलीला जुळी झाली होती आणि मार्लिसचा जीव इथं लागत नव्हता. बर्फ पडायच्या आत तिला नातवंडांजवळ राहायला जायचं होतं. गिऱ्हाईक मिळालं होतं. एक तरुण जोडपं, आणि ते भाळलं होतं ते तळघरावरच. (तळघर दाखवण्याआधी एल्डननं दोघांना शपथ घ्यायला लावली, ती गोष्ट वेगळी.) आता फक्त त्यांच्या बँकेचं कुणीतरी येऊन घराची किंमत ठरवणार होतं. ती कमी निघाली तर बँक हात वर करणार आणि सौदा मोडणार.

"गुरुवारी येणार आहेत," मार्लिसनं तीनदा बजावलं. "गोड बोल. तळघर नीट दाखव. जुळ्यांना रांगताना बघायचंय मला, कॉलेजात जाताना नाही!"

मंगळवारी मार्लिस चर्चच्या जेवणासाठी बटाटे सोलायला गेली होती. एल्डननं सहज खिडकीतून पाहिलं आणि तो पटकन पडद्याआड सरकला. अंगणात एक अनोळखी बाई! हातात कागद, भिंतीवर लाल ठिपका मारणारं मोजायचं यंत्र, आणि कुंपणावर रेलून ऑर्व्हिल तिच्याशी हसून बोलतोय!

"आली घरपट्टीवाली!" एल्डन स्वतःशीच ओरडला आणि दोन-दोन पायऱ्या गाळत तळघरात उतरला.

दहा मिनिटांत त्यानं अकरा वर्षांवर पाणी फिरवलं. गालिच्यावर फाटकी ताडपत्री. बारवर आणि बारखाली कांद्यांची फाटकी पोती. न्हाणीघराच्या दारासमोर मोडक्या खुर्च्यांचा ढीग. तरी तळघर काही केल्या गरीब दिसेना! ओल पाहिजे, ओल! त्यानं कपडे धुवायच्या नळाला पाइप लावला आणि भिंतीवर फवारा धरला. तेवढ्यात दारावरची घंटा वाजली. पाइप तसाच चालू टाकून तो वर धावला.

"मी कोरीन टोल्झमन, बँकेकडून आलेय," बाई म्हणाली. "गुरुवारी यायचं होतं, पण आज याच बाजूला काम निघालं."

"हो हो, बँकेकडून!" एल्डननं डोळे बारीक केले. पकडायला येणारं कुणी खरं नाव सांगतं का?

कोरीन खोल्या मोजू लागली आणि एल्डन मागं मागं फिरू लागला.

"ही खोली वाटते तेवढी मोठी नाही हो. आरशामुळे तसं दिसतं."

"यंत्राला आरसा कळत नाही," कोरीन म्हणाली. "तळघर बघू या?"

"तळघर कसलं, भोक आहे नुसतं! ओल, उंदीर..."

कोरीननं दार उघडलं. खालची पायरी पाण्याखाली होती आणि कांदे संथपणे पोहत होते.

"ओल म्हणालात ना?" तिनं विचारलं.

तेवढ्यात मार्लिस परतली. "अगंबाई, कोरीन! बँकेत भेटलो तेव्हा तर गुरुवार म्हणाली होतीस!"

"बँकेत?" एल्डन घाईघाईनं पायऱ्यांकडे बोट दाखवू लागला. "म्हणजे या खरंच... अहो, खाली बार आहे! गालिचा आहे!"

"कुठे?"

"पाण्याखाली!"

"आत्ता तर उंदीर म्हणत होतात."

"उंदीर खोटे होते!"

कोरीननं आता त्याच्याकडे अशा नजरेनं पाहिलं, जशी तो अकरा वर्षं ऑर्व्हिलकडे पाहत आला होता. "खरं कुठलं, मिस्टर क्राउझे? घरपट्टीच्या नोंदीत इथं बार लिहिलाय. न्हाणीघरही. पहिली नोंद अकरा वर्षांपूर्वीची."

"ऑर्व्हिल!" एल्डन गर्जला.

ऑर्व्हिल दारातच उभा होता, पाणी उपसायचा पंप घेऊन. काळ्या पडद्याच्या फटीतून कांदे पोहताना त्यानंही पाहिले होते.

"चुगलखोरा! मशीन लावून खुणा करत होतास!"

"खुणा? अरे गाढवा, तुझी करवत गावभर ऐकू जायची! आवाज दबावा म्हणून मशीन लावायचो मी! एकेका दुपारी चार-चारदा तेच गवत कापलंय. टक्कल पडलं माझ्या अंगणाला!"

एल्डनचा आवाज एकदम खाली आला. "मग... नोंद केली कुणी?"

मार्लिस पंपाची वायर उलगडत होती. "मी केली. पहिल्याच वर्षी परवानगी काढली. तू मासे धरायला गेलास की तपासणीचा माणूस येऊन जायचा. घरपट्टी मीच भरते, तू कधी बिल उघडलंयस का?"

"आणि मला अकरा वर्षं सांगितलं नाहीस?"

"काळे पडदे लावून करवत चालवताना तू इतका खुशीत असायचास! म्हटलं, कशाला विरस करा?"

एल्डनला वाईट वाटलं, फार वाईट. पंप ऑर्व्हिलनंच संध्याकाळपर्यंत चालवला. गालिचा गेला, बार वाचला. गुरुवारी कोरीन पुन्हा आली, कोरडं तळघर पाहिलं आणि बँकेनं किंमत मान्य केली. कागद हातात आला तेव्हा एल्डननं चष्मा पुसून पुसून वाचला. घराचे अधिकृत चौरस फूट अकराशे चाळीस.

"यात तळघर कुठाय?"

"जमिनीखालचं यात धरतच नाहीत," कोरीन म्हणाली. "एक भिंत जरी मातीत असली तरी नाही. त्याची किंमत खाली वेगळ्या ओळीत आहे."

"म्हणजे मी लपवलं नसतं, तरी चौरस फूट..."

"एवढेच राहिले असते. आता आहेत ना, तेवढेच!"

जाण्याआधी एल्डननं ऑर्व्हिलच्या दारात गवताच्या बियांचं पोतं नेऊन ठेवलं. तोंडानं काही बोलायचं त्याला जमलं नाही, पण पोतं चांगलं मोठं होतं.

डुलूथला नवं घर बघताना मार्लिसनं एकच अट घातली, तिसऱ्या मजल्यावरचं हवं. यामागे तिचं काहीतरी कारण असावं, असा एल्डनला अजून संशय आहे.