नळ बंद करणारे बसवंतआप्पा

वाहता नळ दिसला की बसवंतआप्पा तो बंद करतात. नळ कुणाचा, हा प्रश्न त्यांना पडत नाही. एका लग्नात नवरदेवाचे मामा साबणाचे हात घेऊन तसेच उभे राहिले आणि आप्पा नळ पिळून पुढे गेले, हे मी या डोळ्यांनी पाहिलंय. "खामखा पाणी जायलंय की!" एवढंच ते म्हणतात. लातूरला रेल्वेनं पाणी आलं, त्या वर्षापासूनची ही खोड.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी त्यांचं भांड्यांचं दुकान आहे. विकलेल्या भांड्यावर ते स्वतः नाव घालून देतात. कुणाकडे गेले की चहा बाजूला ठेवून आधी तांब्याच्या गळ्यावरचं नाव वाचतात. अक्षर दुसऱ्याचं निघालं तर चहा गोड लागत नाही.

असा माणूस दर दोन वर्षांनी दुकानाला कुलूप घालून, दोन गाड्या बदलून, दक्षिणेतल्या एका बंदराच्या गावी जगभरच्या कलावंतांचं प्रदर्शन बघायला जातो! प्रदर्शन गावभर पसरलेलं असतं म्हणे. मसाल्याची गोदामं, बंद पडलेल्या शाळा, जुने बंगले. आप्पांना त्यातलं ओ की ठो कळत नाही. मग जातात कशाला? मला राहवेना. त्यांच्या तिसऱ्या खेपेला मीही पिशवी भरली.

गाडीत त्यांनी सांगून टाकलं. दुष्काळात एक कलाकार बाई लातुरात आल्या होत्या. त्यांना या प्रदर्शनात मांडायला जुन्या घागरी हव्या होत्या.

"मास्तर, आपण मोठेपणा केला. गल्लीतल्या जमवून दिल्या, वरून घरातली एक दिली. हिला न इचारता."

ती तांब्याची घागर आप्पांच्या बायकोला, महानंदाकाकूंना, त्यांच्या आईनं लग्नात दिलेली. लातूर जिल्हा झाला, त्या साली. वर्षभरात आई गेली. माहेरचं म्हणावं असं तेवढंच उरलेलं.

"काकू भांडल्या असतील."

"भांडली असती तर बरं झालं असतं," आप्पा म्हणाले. "'रिकामीच तर होती,' म्हणली आन् भाकरी थापायला बसली. तवापासून घागरीच्या कोपऱ्यात दुसरं भांडं ठिवू देत न्हाई."

पहिल्या खेपेला घागर शोधायच्या आतच आप्पांना बाहेर काढण्यात आलं होतं. बाईंनी एक नळ सतत वाहता ठेवला होता आणि त्याचं पाणी एका घागरीतून दुसरीत उतरत होतं. आप्पांनी आत पाऊल टाकलं आणि नळ बंद केला. जगप्रसिद्ध कलाकृती जागच्या जागी आटली. वर रखवालदारालाच त्यांनी पाणी जपण्याबद्दल चार शब्द सुनावले. दुसऱ्या खेपेला बाईंनी घागरी छताला टांगल्या होत्या. आप्पा दिवसभर मान वर करून फिरले आणि मान आखडून परतले.

या वेळी मात्र एका गोदामात सगळ्या घागरी जमिनीवर होत्या. नळही वाहत होता. मी आप्पांचा हात धरून त्यांना नळापुढून नेलं. त्यांनी गुडघे टेकले आणि एकेका घागरीचा गळा वाचायला सुरुवात केली. "शांताबाई... मैनाबाई... हे माझं अक्षर न्हाई." एक परदेशी जोडपं वही काढून त्यांच्या मागे लागलं. आप्पा वाकले की तेही वाकत.

मग आप्पा थांबले. 'चि. सौ. कां. महानंदा हिस आईकडून.' हात पुढे गेला, रखवालदार खाकरला, हात मागे आला. त्यांनी मला काकूंना फोन लावायला सांगितलं.

"सापडली," ते म्हणाले. "बाईकडं परत मागू का?"

फोनमधून काकूंचा आवाज आला.

"पानी हाय का तिच्यात?"

"हाय की. काठोकाठ. वरून वाहायलंय."

"मग ऱ्हाऊ द्या तिथंच. हितं आणून पुन्ना कोरडीच ठिवायची." काकू म्हणाल्या. "फोन जरा तिच्याजवळ धरा."

आप्पांनी फोन पाण्यालगत धरला. किती वेळ ते तसेच वाकून होते कुणास ठाऊक. मला पाण्याचा आवाज येत होता, आणि फोनमधून काकूंचं रडणंही. परदेशी जोडप्यानंसुद्धा वही मिटली.

दारापाशी तो नळ वाहतच होता. आप्पा त्याच्यापुढे क्षणभर उभे राहिले, आणि त्याला हात न लावता बाहेर पडले.