परक्या अंगणातले वाघमारेसाहेब

आमचे वाघमारेसाहेब कुणाच्याही घरी गेले की आधी अंगण बघतात, मग माणसं. माझ्या मुलीच्या वाढदिवसाला आले, तर केक टेबलावर तसाच आणि सगळे पाहुणे मागच्या अंगणात! साहेब कानाला हेडफोन लावून मेटल डिटेक्टर जमिनीवरून फिरवत होते. तोंडाने "सिग्नल आहे, सिग्नल आहे" चालू. निघालं सरबताच्या बाटलीचं झाकण. चेहरा मात्र खजिना लागल्यासारखा.

ओमानमध्ये सोहारच्या कारखान्यात ते मेंटेनन्सचे इंजिनीअर, मी त्यांच्या हाताखाली. नवा मॅनेजर सगळ्यांवर खेकसायला लागला तेव्हा मला म्हणाले, "थांब जरा. वर पत्रा आहे, खाली तांबं असेल." तांबं काही निघालं नाही, पण साहेबांनी अजून आशा सोडलेली नाही.

शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, त्यांची स्वारी जवळच्या सहम गावाला. तिथल्या जुन्या घरांच्या अंगणात, खजुराखाली, कधीमधी आपला एखादा आणा सापडतो. एके काळी इथे आपलाच रुपया चालायचा. मालकाला विचारल्याशिवाय साहेब चमचाभर मातीही उकरत नाहीत. खड्डा बुजवतात, वर पाणी शिंपडतात आणि नाणं मालकाच्या हातावर ठेवून रिकाम्या हाताने परततात. "मग तुम्हाला काय मिळतं?" असं विचारलं की म्हणतात, "अरे, सिग्नल मिळतो!" माणूस थोडा सटकलेला आहे, असं माझं मत झालं होतं.

गेल्या शुक्रवारी मलाही बरोबर नेलं. सालेमबाबा नावाच्या एका म्हाताऱ्या ओमानी गृहस्थांचं घर. अंगणाच्या कडेला सिमेंटच्या फरश्यांची चळत लागलेली.

"बेटा लोग पूरा पक्का करेगा," बाबा म्हणाले. "कल से काम. मिट्टी खलास."

साहेबांचा चेहरा उतरला. माती गेली की यंत्राचं काम संपलं, आणि यंत्राशिवाय इथे यायचं कोणत्या निमित्ताने? मुलीच्या कॉलेजसाठी वहिनी नाशिकला राहायला गेल्यापासून साहेब एकटेच राहतात, हे मला माहीत होतं. बाबांची मुलंही मस्कतला असतात, हे तिथे कळलं. त्या दिवशी यंत्र गाडीतच राहिलं. दोघं चटईवर बसून अर्ध्या हिंदीत, अर्ध्या अरबीत एकमेकांना आपापले गुडघे समजावून सांगत होते.

बाबा कहवा, म्हणजे इथली बिनसाखरेची कडू कॉफी, ओतत होते. इथली रीत अशी, की पुरे झालं म्हणजे हातातला छोटा कप जरासा हलवायचा. नाही हलवला तर यजमान ओततच राहतो. साहेबांचे किती कप झाले कोण जाणे. शेवटी मी त्यांच्या कानाशी लागलो, "साहेब, कप हलवा ना. विसरलात का?"

"इतकी वर्षं इथे काढली, मला ठाऊक नाही होय?" कप पुन्हा पुढे धरत ते हळूच म्हणाले. "हलवला की उठावं लागतं रे."

मला फार वाईट वाटलं. कहवा मला मुळीच आवडत नाही. तरी मीही माझा कप पुढे केला.