वांग्याचं बेकन

सकाळी उकडलेली अंडी, दुपारी केळी आणि संध्याकाळी पुन्हा उकडलेली अंडी खाऊन हॉफमन साहेब कंटाळले आणि त्यांनी सामान बांधायला घेतलं. ही बातमी साखर कारखान्याच्या गेस्ट हाउसच्या आचाऱ्यानं चेअरमनना दिली, आणि चेअरमननी, म्हणजे आप्पासाहेबांनी, ताबडतोब स्टोअरकीपर काकासाहेबांना बोलावून घेतलं.

हॉफमन साहेब जर्मनीहून आले होते. कारखान्यानं साखर वेगळी करणारं नवीन यंत्र आणलं होतं, ते बसवायला. यंत्र बसलं होतं, पण ते चालवून बघायला ऊस लागतो आणि गळीत हंगाम अजून सुरू व्हायचा होता. साहेबांचं म्हणणं, पुढचं काम मुंबईचा माणूस येऊन करील.

"मुंबईचा मानूस येईस्तोवर गव्हाणीत ऊस वाळंल," आप्पासाहेब म्हणाले. "साहेब गेला तर मशीन कोन चालू करनार? तुमी?"

काकासाहेबांना "करतो की" म्हणायचा मोह झाला होता. न जमणारी गोष्ट त्यांच्या आयुष्यात अजून यायची होती. पण आप्पासाहेबांच्या चेहऱ्याकडे बघून त्यांनी तो मोह आवरला.

"त्याच्या तोंडाला चव न्हाई, बाकी काय न्हाई," आप्पासाहेब पुढे म्हणाले. "तुमाला इंग्रजी येतंय. त्याच्या मुलकात पार्टीला काय खात्यात त्ये इचारा आन् त्येच करून घाला. रविवारी संध्याकाळी ठेवू. संचालक मंडळ बी बोलवू."

काकासाहेब त्या काळातले मॅट्रिक होते. कारखान्यात इंग्रजी वाचणारे बरेच होते, न अडखळता बोलणारे ते एकटेच. अडखळायला चूक कळावी लागते. वर्कशॉपमध्ये जाऊन त्यांनी साहेबांना प्रश्न विचारला. साहेबांचंही इंग्रजी बेताचंच. पण खाण्याचा विषय निघाल्यावर त्यांचा चेहरा उजळला. त्यांनी एका हाताचा अंगठा उभा धरला आणि म्हणाले, "डेट." मग दुसऱ्या हाताचं बोट त्याभोवती गुंडाळत म्हणाले, "बेकन. राउंड अँड राउंड." मग डोळे मिटून बोटांची टोकं ओठांना लावली.

काकासाहेबांना सगळं समजलं.

"सोपं आहे," त्यांनी आप्पासाहेबांना येऊन सांगितलं. "खजूर घ्यायचा आणि त्याला वांग्याचा पातळ काप गुंडाळायचा. वरून गोड, तिखट."

"वांगं? जर्मनीत?"

"बैंगन म्हणाले ते. फक्त त्यांना आपल्यासारखा 'ग' म्हणता येत नाही, म्हणून बेकन म्हणतात."

आप्पासाहेबांना हे पटलं. एवढंच नाही, तर त्यांना बरं वाटलं. संचालकांमध्ये मच्छिंद्रतात्या माळकरी होते आणि साहेबांच्या पार्टीला आपण येणार नाही, असं ते आधीच सांगून बसले होते. वांगं म्हटल्यावर तेही यायला तयार झाले.

काकासाहेबांची बायको पुष्पावती. माहेर जामखेडचं. पाऊस नाही, भाजी नाही, तरी चार पाहुण्यांचं ताट सजवायचं, हे तिनं लहानपणीच शिकून घेतलेलं. खजुराला वांगं गुंडाळायचं हे ऐकून ती नवऱ्याच्या तोंडाकडे बघत राहिली.

"जमणार नाही का?" काकासाहेबांनी विचारलं.

"जमायचं काय आहे त्यात? खायचं कुणी, एवढाच विचार करत होते."

तिनं लांबट वांगी आणली, त्यांचे उभे पातळ काप केले, मीठ लावून मऊ पडू दिले. बी काढलेल्या खजुराला एकेक काप गुंडाळून बाभळीच्या धुतलेल्या काट्यानं टोचला. तव्यावर तेलात परतलं, वरून गुळाचा पाक आणि लाल तिखट सोडलं. तपकिरी, चकचकीत असा तो जिन्नस काकासाहेबांनी तोंडात टाकला आणि दुसरा उचलला. पुष्पावतीनं स्वतः एक खाल्ला आणि म्हणाली, "जर्मन लोक बरे दिसतात."

इथवर सगळं ठीक होतं. पण काकासाहेबांना काम चोख करायची सवय. शुक्रवारी ते एक वांगं घेऊन वर्कशॉपमध्ये गेले आणि एवढं चालेल की याहून मोठं लागेल, असं त्यांनी साहेबांना विचारलं. साहेबांनी वांग्याकडे पाहिलं, काकासाहेबांकडे पाहिलं. मग खडू घेऊन जमिनीवर एक चित्र काढलं. चार पाय, गोल पोट, पिळाची शेपटी.

काकासाहेब त्या चित्राकडे बराच वेळ बघत राहिले. हे दुसरं कुठलंतरी जनावर निघेल, अशी त्यांना आशा होती. पण साहेबांनी तोंडानं आवाजही काढून दाखवला.

घरी येऊन त्यांनी पुष्पावतीला सांगितलं. ती कपड्यांच्या घड्या करत होती, त्या करतच राहिली.

"मग आप्पासाहेबांना सांगा, चुकलं म्हणून."

"चुकलं नाही. उच्चार सारखा आहे."

"तेच सांगा."

"अगं, मच्छिंद्रतात्या येणार आहेत. सगळ्यांना वांगं म्हणून सांगून झालंय. आता डुक्कर म्हणालो तर साहेबाआधी मलाच सामान बांधावं लागेल."

पुष्पावतीनं शेवटचा सदरा घडी करून ठेवला. "उद्या नगरला जा. लष्कराच्या कॅम्पात मिळत असेल ते. मी दोन्ही करते. साहेबाला साहेबाचं, बाकीच्यांना वांगं. दिसायला सारखंच दिसेल, कुणी विचारणार नाही."

"तू ते शिजवणार?"

"घरात नाही. अंगणात तीन दगड मांडते आणि जुना तवा काढते. मला शिजवायचंय, खायचं नाही."

शनिवारी काकासाहेब नगरला गेले. कॅम्पातल्या एका दुकानात बेकन मिळालं, आणि ते बघून त्यांना पहिल्यांदाच पुष्पावतीची शक्कल पूर्ण पटली. पातळ लांब पट्ट्या, अगदी वांग्याच्या कापांसारख्या. जाड कागदात बांधून, पिशवीत घालून, पिशवी मांडीवर धरून ते एस्टीत बसले. शेजारच्या म्हाताऱ्यानं दोनदा नाक वर केलं.

"मासळी का?"

"मशीनचा पार्ट आहे," काकासाहेब म्हणाले.

"वंगणाला वास लई येतोय," म्हातारा म्हणाला आणि कोल्हारला उतरेपर्यंत तोंड खिडकीबाहेर ठेवून बसला.

रविवारी दुपारी पुष्पावतीनं आधी घरात वांग्याचा घाणा काढला. मग अंगणात तवा तापवला. बेकनला तेल घालावं लागलं नाही, त्याची त्यालाच चरबी सुटली. खजुराभोवती पट्ट्या आवळत गेल्या, गूळ पडला तसा त्यावर चकाकणारा थर आला, आणि तिखट टाकल्यावर उठलेला वास कुंपण ओलांडून गेला. पलीकडच्या क्वार्टरमधली छबूबाई लगेच कुंपणाशी आली.

"काय करतीस गं? वास लई भारी येतोय."

"साहेबाचं जेवण."

"मंग अंगणात का?"

"साहेबाच्या देशात अंगणातच करतात," पुष्पावती म्हणाली. हे खरं असेल की नाही, ते तिला माहीत नव्हतं, पण छबूबाईला पटलं.

बेकनचे तुकडे तिनं चिनी मातीच्या बशीत भरले आणि वांग्याचे स्टीलच्या ताटात. गेस्ट हाउसवर पोचल्यावर आचारी भिमाजीला बजावलं, "चिनी मातीतलं साहेबाला. स्टीलचं सगळ्यांना. उलटं करू नकोस." भिमाजी "व्हय" म्हणाला. ती मागच्या खोलीत भाताचं बघायला गेली.

भिमाजीनं सांगितलं तसंच केलं असतं. पण ताटं उचलताना त्याच्या लक्षात आलं की पाहुण्याला चिनी मातीतलं आणि खुद्द चेअरमनना स्टीलमधलं, हे काही बरोबर दिसत नाही. आप्पासाहेब अशा गोष्टी बोलून दाखवत नाहीत, पण विसरतही नाहीत. भिमाजीनं कपाटातून एकसारख्या दोन मोठ्या प्लेटी काढल्या, एकीत एक जिन्नस आणि दुसरीत दुसरा रचला, आणि ट्रेवर शेजारी शेजारी ठेवून ऐटीत बाहेर नेला. एक प्लेट साहेबांसमोर ठेवली, दुसरी संचालकांसमोर.

काकासाहेबांनी दोन सारख्या प्लेटी पाहिल्या आणि हातातला पाण्याचा पेला खाली ठेवला. ते भिमाजीच्या कानाशी गेले. "यातलं साहेबाचं कुठलं?"

"दोनी सारकंच की. आता कुनाचा बी मान कमी न्हाई."

"अरे, पण कुठलं कुठं ठेवलंस?"

भिमाजीनं दोन्ही प्लेटींकडे पाहिलं. "आत हुतं तवा ठाऊक हुतं," तो म्हणाला.

तेवढ्यात मच्छिंद्रतात्यांनी एक तुकडा उचलला. गळ्यातली माळ सारखी केली आणि हात तोंडाकडे नेला.

काकासाहेब उठून उभे राहिले. "खाण्याआधी दोन शब्द," ते म्हणाले.

तात्यांचा हात हवेत थांबला. मंडळींना भाषणाची सवय होती, कुणाला काही वाटलं नाही. काकासाहेबांनी भिमाजीला खुणेनं आत पिटाळलं आणि बोलायला सुरुवात केली. त्यांनी जर्मनीचं स्वागत केलं. सहकाराचं महत्त्व सांगितलं. मग खजुरावर आले. खजूर कुठं पिकतो, ऊस कुठं पिकतो, आणि दोन्ही गोड असून एकमेकांचा हेवा कसा करत नाहीत, हे सांगितलं. हॉफमन साहेबांना एक अक्षर कळत नव्हतं, तरी ते मान डोलवत होते. तात्यांचा हात दुखायला लागला होता.

"काकासाहेब," आप्पासाहेब हळूच म्हणाले, "तोंडात घालून आयकता येतंय आमाला."

"एवढंच संपवतो," काकासाहेब म्हणाले आणि उसाच्या बेण्याकडे वळले.

पुष्पावती पदराला हात पुसत बाहेर आली. तिनं दोन प्लेटी पाहिल्या, तात्यांच्या हातातला तुकडा पाहिला आणि नवऱ्याच्या कपाळावरचा घाम पाहिला. ती सरळ तात्यांपाशी गेली.

"तात्या, तो जरा इकडे द्या."

तात्यांनी दिला. तिनं काटा काढून तो उलगडला आणि उजेडाकडे धरला. मग साहेबांसमोरच्या प्लेटीतला एक उचलून तोही उलगडला. त्यात वांग्याच्या बारीक बिया दिसत होत्या. तात्यांच्या तुकड्यात बी नव्हती.

काकासाहेब काहीतरी सांगायला लागले, पण तिनं त्यांना बोलू दिलं नाही.

"प्लेटींची अदलाबदल झाली," ती सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. "साहेबापुढं आहे ते वांगं. तुमच्यापुढं आहे ते डुकराचं मटण. साहेबासाठी केलेलं. तव्यापासून चुलीपर्यंत सगळं वेगळं होतं. तात्या, तुम्ही हात धुऊन घ्या."

ज्यांनी हात पुढे केले होते, त्यांनी ते मागे घेतले. काकासाहेब भिंतीला टेकले. तात्या उठले, बाहेर जाऊन चांगले कोपरापर्यंत हात धुऊन आले आणि पुन्हा जागेवर बसले.

"आधी सांगितलंस, लई चांगलं केलंस पोरी," ते म्हणाले. "आन आता तुजं वांगं."

तिनं प्लेटी बदलल्या, पण तोवर वांग्याच्या प्लेटीत फारसं उरलं नव्हतं. हॉफमन साहेबांना भाषण कळत नसल्यामुळे भाषण चालू असताना त्यांनी खायला सुरुवात केली होती. उरलेल्यातले तात्यांना मिळाले, बाकीच्यांना एकेक आला. साहेबांनी बेकनचे दोन तुकडे खाल्ले, चांगले आहेत म्हणाले, आणि तात्यांच्या हातातल्या वांग्याकडे बोट दाखवलं.

"धिस? व्हॉट इज?"

"बैंगन," काकासाहेब म्हणाले.

"बेकन?"

"बैंगन."

"बेटर," साहेब म्हणाले. त्या रात्री त्यांनी आणखी महिनाभर राहायचं कबूल केलं, आणि आप्पासाहेबांनी काकासाहेबांच्या पाठीवर असा हात मारला की त्यांची टोपी पुढे आली.

बेकनची भरलेली प्लेट भिमाजीनं कुणाच्या नजरेला नको म्हणून मागच्या ओट्यावर नेऊन ठेवली. मंडळी जेवणानंतर एकेक करून पान खायला, हात धुवायला, वारं घ्यायला म्हणून मागे जाऊन आली. पुष्पावती भांडी आवरायला गेली तेव्हा प्लेट रिकामी होती.

"कुत्र्यानं खाल्लं असंल," दारात उभे असलेले आप्पासाहेब म्हणाले.

"असेल," पुष्पावती म्हणाली.

आठवड्यानं आप्पासाहेब स्वतः काकासाहेबांच्या क्वार्टरवर आले. चहा झाला. बॉयलर पेटवायचा दिवस ठरल्याचं सांगून झालं. तरी ते उठेनात.

"वहिनी, साहेबाला परत एकदा बोलवावं म्हनतो," ते शेवटी म्हणाले.

"बोलवा की. वांग्याचं करते. त्यांना तेच आवडलं."

"त्येच करा." आप्पासाहेबांनी कप बशीवर नीट ठेवला. "पर पाव्हना परमुलकातला. कधी काय मनात यील सांगता येत न्हाई. थोडं त्ये दुसरं बी असू द्या."

"थोडं म्हणजे किती?"

"मागच्याएवढंच."

काकासाहेब खुर्चीत सावरून बसले. पुष्पावतीनं कपबश्या उचलल्या.

"मग दुप्पट करते," ती आत जाताजाता म्हणाली. "मागच्या वेळी कुत्र्याला पुरलं नसेल."

आप्पासाहेबांनी छताकडे पाहिलं, मग काकासाहेबांकडे, मग आपल्या चपलांकडे.

"करा," ते म्हणाले. "दोन-तीन कुत्री हैत तितं."