आवाज बाहेर जाता कामा नये

खोलीतली शेवटची फट बुजवून ऑर्व्हिल डॅनिलचुक स्टुलावरून उतरला आणि दार उघडून बाहेर आला, तेव्हा बाहेर ठेवलेल्या फोनवर पेनरचे तीन कॉल येऊन गेलेले होते. आत त्याला एकही ऐकू आला नव्हता. आधी त्याला आनंदच झाला, कारण फोन ऐकू न येणं म्हणजे खोली जमली होती. मग फोन कुणाचे आहेत हे लक्षात आलं आणि तो आनंद तिथेच संपला. पेनर हा गाळ्याचा मालक होता आणि आपल्या गाळ्यात अशी एखादी खोली आहे, हे त्याला माहीत नव्हतं.

ऑर्व्हिल विनिपेगमध्ये शाळेची बस चालवायचा. सकाळी मुलं शाळेत पोचवली की दुपारपर्यंत तो मोकळा असे, आणि त्या वेळात त्याला ड्रम वाजवायचे असत. घराच्या तळघरात वाजवून झालं होतं. दोन्हीकडच्या शेजाऱ्यांनी बोलणं टाकल्यावर बायको मार्लीनने ड्रम किंवा ती, यांपैकी एकाचीच या घरात सोय होईल असं सांगितलं. मग तो गाळे बघत फिरला. ड्रम हा शब्द ऐकला की जागा आत्ताच गेली असं मालक सांगत. म्हणून रेल्वे यार्डाजवळच्या ओळीतला हा गाळा घेताना पेनरने कशासाठी हवाय असं विचारलं, तेव्हा ऑर्व्हिल म्हणाला, "जुनं फर्निचर ठेवायचंय."

एवढं बोलून झाल्यावर त्याने गाळ्याच्या आत दुसरी खोली बांधायला घेतली. गाळ्याच्या भिंतींना कुठेही न टेकणारा लाकडी सांगाडा, त्यात दाबून भरलेली, आवाज शोषणारी लोकर, त्यावर जिप्सम बोर्डाचा एक थर आणि त्याच्यावर आणखी एक. जमिनीखाली रबर. दार इतकं जड की ते बसवताना त्याची कंबर आठवडाभर धरली होती. बोर्डाची पानं तो चादरीत गुंडाळून आत न्यायचा, कुणी पाहिलंच तर कपाटाचं दार वाटावं म्हणून. शेजारी लिंडा मागबानुआचं कुत्र्यांना आंघोळ घालायचं, केस कापायचं दुकान होतं. ती हसून हात करायची, आणि तो दचकून हात करायचा. त्या एका हसण्यावर तो पुढे दिवसभर विचार करत बसे.

हे सगळं उगाच चाललं नव्हतं. सास्काटूनच्या एका गायिकेने तिच्या नव्या गाण्यांत ड्रम वाजवून पाठवशील का, असं त्याला विचारलं होतं. त्याला असं विचारणारी ती पहिलीच. त्याने लगेच हो म्हटलं होतं, आणि ते हो म्हटल्यापासून त्याला नीट झोप नव्हती.

त्याने पेनरला उलटा फोन केला.

"लिंडाच्या टबाचा नळ गळतोय," पेनर म्हणाला. "बदलायचा तर सगळ्या ओळीचं पाणी बंद करायला लागेल. मुख्य व्हॉल्व्ह तुझ्या गाळ्यात आहे. मागच्या भिंतीला, लाल चाकाचा. गुरुवारी येतो."

ऑर्व्हिलला लाल चाक आठवलं. खोली बांधायला घेतली तेव्हा ते भिंतीवर होतं. पूर्वीच्या भाडेकरूच्या कुठल्यातरी यंत्राचं राहून गेलेलं असेल असं समजून त्याने त्याच्यावर लोकर लावली होती, लोकरीवर बोर्ड लावला होता आणि बोर्डावर बोर्ड.

"तिथं फर्निचर रचलंय," तो म्हणाला.

"मग आपण दोघं मिळून सरकवू," पेनर म्हणाला आणि त्याने फोन ठेवला.

आता पंचाईत अशी होती की सरकवायला फर्निचरच नव्हतं. ऑर्व्हिलने बराच विचार केला. पेनर यायच्या आत आपणच भिंतीला भोक पाडून व्हॉल्व्ह मोकळा करायचा आणि गुरुवारी चाकही आपणच फिरवायचं, हे ठरलं. पण पेनर दारातून आत आला की समोर ही खोलीच दिसणार. ती झाकायला पुढच्या भागात काहीतरी हवं. आणि फर्निचर आहे असं आपण आता दोनदा सांगितलंय, तेव्हा फर्निचरच असलेलं बरं. त्याच दिवशी मुलांना घरी सोडून झाल्यावर त्याने मित्राची व्हॅन आणली.

संध्याकाळी मार्लीन कामावरून आली. तिने सवयीने पर्स सोफ्यावर टाकली आणि ती जमिनीवर पडली.

"ऑर्व्ही, सोफा कुठाय?"

"गाळ्यात."

"आणि आईचं काचेचं कपाट?"

"तेही गाळ्यात. मालकाला मी सांगितलंय ना, गाळ्यात फर्निचर आहे म्हणून."

मार्लीन खुर्ची ओढून बसली. "म्हणजे ड्रम लपवायला तू सोफा नेलास. त्या माणसाला खरं सांगून टाकलं तर काय होईल?"

"गाळा जाईल."

"गाळ्याचं अजून ठरायचंय," ती म्हणाली. "सोफा मात्र गेला."

दुसऱ्या दिवशी सकाळची फेरी संपवून ऑर्व्हिल करवत घेऊन खोलीत शिरला. लाल चाक नेमकं कुठे होतं हे त्याला आठवेना. डावीकडे असावं असं वाटलं, म्हणून त्याने डावीकडे कापलं. आत लाकूड निघालं. जरा वर कापलं, तर नुसती लोकर. स्वतःच्या हाताने घासूनपुसून गुळगुळीत केलेली ती भिंत कापताना त्याला दाढ उपटून घेतल्यासारखं होत होतं. आणखी एक भोक झालं, मग त्याच्याही उजवीकडे आणखी एक. भिंत उंदरांनी कुरतडल्यासारखी दिसायला लागली, तेव्हा कुठे लोकरीआडून लाल रंग दिसला.

त्याने सुटकेचा श्वास सोडला आणि हात नीट आत जावा म्हणून भोक मोठं करायला घेतलं. चाकाशेजारून एक पाइप लिंडाच्या दुकानाकडे जात होता. तो त्याला दिसला नाही, करवतीला मात्र बरोबर सापडला.

थंडगार पाण्याची चिळकांडी थेट त्याच्या तोंडावर आली. विनिपेगचं जानेवारीतलं पाणी, त्याने श्वासच अडकला. त्याने चाक धरून फिरवलं. चाक हललं नाही. दोन्ही हातांनी, पाय भिंतीला लावून फिरवलं, तरी हललं नाही. मग तो मदतीसाठी जिवाच्या आकांताने ओरडला, आणि ओरडता ओरडताच त्याला कळलं की ही हाक बाहेर जाऊ नये म्हणूनच आपण एवढे दिवस खपलो आहोत.

पाणी रबरावर साचून ड्रमच्या पायांपर्यंत आलं. तो धावत बाहेर पडला, मागोमाग पाणीही, तर समोर सोफा. पेनरला आत सहज येता येऊ नये म्हणून त्याने तो कपाट आणि गाळ्याची भिंत यांच्या मधे ठोकून बसवला होता. तो सोफ्यावर चढला, पलीकडे घसरला, आणि उभा राहतो तोच गाळ्याचं दार उघडून लिंडा आत आली. तिच्या काखेत साबणाने माखलेलं एक कुत्रं होतं.

"कूया ऑर्व्हिल, माझ्याकडं पाणी गेलं," ती म्हणाली. तिच्या भाषेत थोरल्या भावाला कूया म्हणत, आणि वयाने मोठ्या कुणालाही ती तसंच म्हणायची. मग तिने त्याच्याकडे नीट पाहिलं. "सगळं तुमच्याकडंच आलंय वाटतं."

पेनरला फोन करण्यावाचून गत्यंतर नव्हतं. फोनवर ऑर्व्हिल फक्त "पाणी" एवढंच म्हणू शकला. पेनर जवळच राहायचा. सत्तरी ओलांडलेला, उंच, मोजकं बोलणारा माणूस. तो भला मोठा पाना घेऊन आला, सोफ्यावरून पाय टाकून पलीकडे गेला आणि खोलीच्या दारात थबकला. आतले ड्रम, माइक, भिंत आणि भिंतीतली भोकं, सगळं त्याने पाहून घेतलं. मग तो पाण्यात उतरला, पाना चाकात अडकवून त्याने एकदा जोर लावला आणि धार थांबली.

ऑर्व्हिलने तोंडावरचं पाणी पुसलं. तेवढ्यात त्याचं लक्ष घड्याळाकडे गेलं.

"मिस्टर पेनर," तो म्हणाला, "मला सगळं सांगायचंय. पण शाळा सुटतेय. मुलं थंडीत उभी राहतील."

"जा," पेनर म्हणाला.

बसपर्यंत जाताजाताच त्याची ओली पॅन्ट गोठून पत्र्यासारखी झाली. पायऱ्या चढणाऱ्या एका मुलीने सांगितलं की मिस्टर ऑर्व्हिल, तुमची पॅन्ट वाजतेय. अख्ख्या फेरीत तो मनातल्या मनात माफी मागत होता. आधी त्याने सगळा दोष व्हॉल्व्हवर ढकलून पाहिला, मग करवतीवर, आणि शेवटी दुसरं कुणी उरेना तेव्हा स्वतःवर. प्रत्येक थांब्यावर एकेक मूल उतरत होतं आणि पेनरकडे परत जायची वेळ जवळ येत होती. शेवटचा मुलगा उतरायला लागला, तेव्हा त्याला आणखी थोडं थांब म्हणावं असं ऑर्व्हिलला वाटून गेलं. गायिकेला काय कळवायचं हेही त्याने ठरवून टाकलं होतं. हात मोडला म्हणून सांगायचं.

परत आला तेव्हा गाळ्यातले दिवे चालू होते. लिंडा कुत्र्यांचे टॉवेल टाकून जमीन पुसत होती. ड्रम उचलून सोफ्यावर ओळीने ठेवलेले होते, लग्नाला आलेल्या पाहुण्यांसारखे. आणि बसायला दुसरं काही नसल्यामुळे पेनर ड्रमच्या स्टुलावर टोपी मांडीवर ठेवून बसला होता.

"मिस्टर पेनर, मी तुमच्याशी खोटं बोललो," ऑर्व्हिल म्हणाला.

"ते ठाऊक आहे. भाडं ठरवायला आलास, तेव्हा माझ्या टेबलावरच्या पेन्सिली घेऊन सगळा वेळ वाजवत होतास. माझ्या बायकोनं आतून येऊन विचारलं, कोण वाजवतंय म्हणून."

ऑर्व्हिलने विचारलं, "मग तुम्ही गाळा दिलात कसा?"

"या ओळीत एक वेल्डर आहे, एकीकडं ट्रकची गिअरपेटी दुरुस्त होते, आणि ही लिंडा आहे. तू कुणाची झोपमोड करणार होतास?" पेनरने सोफ्याकडे बोट दाखवलं. "माझी काळजी वेगळीच होती. फर्निचर, फर्निचर म्हणत होतास, मला वाटलं खरंच आणून भरलंस तर विमावाले आगीचं कारण काढून माझा जीव खातील. सोफा आज बाहेर काढ. पाइप दुरुस्त करून घे. आणि या व्हॉल्व्हसमोर भिंतीला एक उघडझाप होणारी झडप ठेव, हात जाईल एवढी."

"झडप ठेवली तर लिंडाकडं आवाज जाईल."

लिंडाने टॉवेल पिळता पिळता मान वर केली. "कूया, माझ्याकडं दिवसभर ड्रायर चालतात, वर कुत्री भुंकतात. तुम्ही वाजवताय का थांबलाय, मला कळणार कसं?"

ऑर्व्हिलने आपल्या खोलीकडे पाहिलं. दुहेरी बोर्ड, लोकर, रबर, जड दार. त्याला हसावं की रडावं ते समजेना. शेवटी त्याने सोफ्याचं एक टोक धरलं, पेनरने दुसरं, आणि सोफा व्हॅनमध्ये चढला. घरी तो वाळायला दोन आठवडे लागले. तेवढे दिवस मार्लीन खुर्चीवर बसली आणि त्याच्याशी मोजकंच बोलली.

पाइप दुरुस्त झाला. भोकं बुजली. व्हॉल्व्हसमोर भिंतीत लाकडी झडप बसली, आणि टबाचा नळही बदलून झाला. ऑर्व्हिलने हात मोडल्याचं कळवलं नव्हतं, ते बरंच झालं. तो मनसोक्त वाजवायला लागला आणि पहिल्यांदाच त्याला दाराकडे लक्ष ठेवावं लागत नव्हतं. त्याच्या हातांनाही ते जाणवलं असावं. स्वतःचंच वाजवणं ऐकून त्याला नवल वाटलं. पहिलं गाणं त्याने सास्काटूनला पाठवलं.

दोन दिवसांनी उत्तर आलं. गायिकेने लिहिलं होतं की तिला वाजवणं फार आवडलं, अगदी असंच हवं होतं. फक्त तिसऱ्या कडव्यानंतर जिथे सगळं शांत होतं, तिथे कुणीतरी रडतंय असं वाटतं, ते काय आहे?

ऑर्व्हिलने हेडफोन लावून ऐकलं. झडपेच्या बाजूने एक कुत्रं गळा काढून रडत होतं. त्याच्यामागे ड्रायर घोंघावत होता. त्याने पुन्हा वाजवून रेकॉर्ड केलं, तर यावेळी दोन कुत्री. झडपेवर उशी बांधून पाहिली, पण कुत्र्यांना उशीचं काही नव्हतं. लिंडाला सांगायला तो दोनदा तिच्या दुकानात गेला आणि दोन्ही वेळा तिने दिलेला चहा पिऊन परत आला. त्या पाण्याच्या दिवसानंतर तिला आवाज कमी कर म्हणायला त्याची जीभ वळेना.

शेवटी दोन दिवस अस्वस्थ राहून त्याने पेनरला फोन लावला. घसा खाकरला, हवापाण्याच्या गप्पा झाल्या, लाल चाकाची चौकशी झाली.

"बोल की," पेनर म्हणाला.

"म्हणजे तक्रार अशी नाही," ऑर्व्हिल म्हणाला. "पण शेजारून फार आवाज येतो."

पलीकडून काहीच ऐकू येईना. फोन कट झाला असं वाटून ऑर्व्हिलने हॅलो, हॅलो केलं. मग पेनरने लांब कुठेतरी बायकोला हाक मारल्याचं ऐकू आलं, खुर्ची सरकल्याचा आवाज झाला आणि पेनर फोनच्या अगदी जवळ येऊन म्हणाला, "ती आलीय. आता परत सांग. सावकाश."