गाडी जात नाय

मोटार हे जाण्याचं साधन आहे, बसून राहण्याचं नव्हे. या एका तत्त्वावर मानवी संस्कृती उभी आहे. हिंजवडीचा रस्ता यातून वगळावा लागेल, पण ते असो. वाघोलीच्या सुखनिवास सोसायटीत मात्र हे तत्त्व दर गुरुवारी संध्याकाळी पायदळी तुडवलं जात होतं.

"साहेब, तिसऱ्या मजल्यावरच्या कादंबरी म्याडम गाडीत बसत्यात," वॉचमन दत्तोबा सेक्रेटरी रावसाहेबांना म्हणाला, "पण गाडी काय जात नाय."

रावसाहेब निवृत्त ऑडिटर. आधी संशय, मग चहा, असा त्यांचा क्रम. त्यांनी लगोलग पाटी रंगवून घेतली: 'पार्किंग वाहनांसाठी आहे. माणसांनी घरी बसावे.'

खरी गोष्ट साधी होती. आपल्याला ऑटिझम आहे हे कादंबरीला ऐन पस्तिशीत कळलं होतं. दर गुरुवारी ती कल्याणी नावाच्या थेरपिस्टशी व्हिडिओ कॉलवर बोलायची. घरात सासूबाईंची मालिका, मिक्सर आणि बेल. शांत जागा म्हणाल तर ही गाडी. ती गेली की थेरपीही गेली. फक्त, फोन आपोआप गाडीच्या स्पीकरला जोडला जातो आणि पलीकडचं बोलणं बाहेरही ऐकू येतं, हे तिच्या गावीही नव्हतं.

त्या गुरुवारी रावसाहेब पाटी घेऊन गाडीमागे उभे राहिले. साक्षीदार म्हणून तळमजल्यावरच्या उल्काताई, दत्तोबा, आणि 'काय झालं हो?' असं विचारायला थांबलेले बरेच.

"तुमच्यात काही बिघडलेलं नाही," गाडीतून बाईचा आवाज आला.

रावसाहेब दचकले. "पुण्यात कुणी कुणाला असं उगाच म्हणत नाही. फसवणूक आहे ही."

"किती छान सांभाळलंत तुम्ही!"

"परत कौतुक! आता ओटीपी मागणार बघा."

"अहो, मग पोलिसांना फोन करा की," उल्काताई कुजबुजल्या.

"आधी पुरावा."

"शर्टाचं लेबल टोचतं ना? खुशाल कापा," आवाज म्हणाला. "ही नाटकं नाहीत. तुम्हाला ते खरंच जास्त टोचतं."

रावसाहेबांचा हात नकळत कॉलरकडे गेला. त्यांच्या एकाही शर्टाला लेबल नव्हतं. घरात त्यावरून त्यांना लग्नापासून चक्रम म्हणत.

"मलाही बाई, भांडी आपटली की अगदी..." उल्काताईंनी सुरुवात केली.

"श्श! ऐकू द्या जरा."

"आजचा सराव," कल्याणी सांगत होती, "आपल्याला काय हवंय ते समोरच्याला सरळ सांगायचं. माफी न मागता."

कादंबरीने मान वर केली. काचेला सोसायटी चिकटली होती. तिचा हात किल्लीकडे गेला. निघून जावं, कायमचं. मग तिने श्वास घेतला आणि काच दोन बोटं खाली केली.

"मला अजून थोडा वेळ एकटीला हवाय. सॉरी... नाही. सॉरी नाही."

रावसाहेबांनी पाटीची अक्षरं पोटाकडे वळवली आणि घसा खाकरला.

"अवश्य बसा. फक्त काच एवढी उघडी राहू द्या. मागच्यांना ऐकू येत नाहीये."