अळी चुकून पडते

कोणताही प्राणी पाळण्यापूर्वी माणसाने आपली तयारी तपासून घ्यावी. प्राण्याला विचारण्याची पद्धत नाही.

सिंगापुरात पासिर रिसला राहणारे श्री. हेमचंद्र (मूळ सासवडचे, हल्ली आयटीत मॅनेजर) यांनी ही तपासणी आदर्श रीतीने केली. त्यांची मुलगी अवनी दहा वर्षांची. वाढदिवसाला तिला लेपर्ड गेकोचं पिल्लू आणून देण्याचं वचन त्यांनी दिलं होतं. लेपर्ड गेको म्हणजे पालच. पण पिवळी, ठिपकेदार आणि इंग्रजी नाव असलेली. यातला शेवटचा गुण निर्णायक ठरतो.

नवशिक्यांसाठीचे सगळे व्हिडिओ पाहून कामाची आखणी झाली. पिल्लाला काचेची पेटी लागते. पेटीची एक बाजू उबदार, दुसरी गार लागते. लपायला तीन जागा लागतात: एक गरम, एक थंड, एक ओलसर (आपणही पाहुणे आले की स्वयंपाकघर, बेडरूम आणि बाथरूम याच क्रमाने लपतो). सिंगापुरात गार बाजू आपोआप मिळत नाही, म्हणून खोलीत एसी अखंड सुरू ठेवण्यात आला. त्याने उबदार बाजूही गारठली, म्हणून पेटीखाली विजेवर तापणारी चटई घालण्यात आली. दोन्ही यंत्रं एकमेकांविरुद्ध इमानाने राबू लागली, तेव्हा हेमचंद्रांना ऑफिसात असल्यासारखं वाटलं.

खाणं म्हणजे जिवंत अळ्या, कॅल्शियमच्या पावडरीत घोळवून. त्या थंड ठेवाव्या लागतात. ज्या फ्रिजमध्ये आजवर अंड्यालाही प्रवेश नव्हता, तिथे श्रीखंडाशेजारी अळ्यांचा डबा रुजू झाला.

"अरे, पण हा प्राणी इथे चालतो का?" असं त्यांच्या पत्नी क्षिप्रा यांनी पहिल्याच दिवशी विचारलं होतं. प्रश्न महत्त्वाचा होता. त्यामुळे तो दुसऱ्या टप्प्यात घ्यायचं ठरलं.

दुसऱ्या टप्प्यात उत्तर मिळालं, चालत नाही. सिंगापुरात लेपर्ड गेको पाळणं बेकायदा आहे. घरच्यांचा पीआरचा, म्हणजे कायम वास्तव्याचा, अर्ज सरकारदरबारी होता आणि पालीपायी तो धोक्यात घालणारा मराठी माणूस अजून जन्माला यायचाय.

"बाबा, यू प्रॉमिस ऑलरेडी लाह," अवनी म्हणाली. मग ती रोज त्या रिकाम्या पेटीसमोर अभ्यासाला बसू लागली. हेमचंद्रांना ते बघवेना.

अशात एका संध्याकाळी ट्यूबलाइटमागची एक पाल, साधी, घरचीच, बोटाएवढी, भिंतीवरून उतरली आणि झाकणाच्या फटीतून पेटीत राहायला आली. तीन खोल्या, ऊब आणि वर जेवणाची सोय. असं घर पासिर रिसमध्ये भाड्याने मिळत नाही. अवनीने तिचं नाव बुंदी ठेवलं आणि आठवड्यानंतर पहिल्यांदा पोटभर जेवली.

आता कायदा बारकाईने पाहण्यात आला. मोकळा प्राणी कोंडून ठेवता येत नाही, म्हणून पेटीचं झाकण काढलं. त्याला खाऊ घालता येत नाही, म्हणून अळी चुकून पडते. रोज जेवणाच्या वेळी चुकून पडते, कॅल्शियममध्ये घोळून. बुंदीला कोणी पाळलेलं नाही, ती फक्त राहते. तिला इथे राहायला पास लागत नाही, अर्ज लागत नाही. (हेमचंद्र कधीकधी तिच्याकडे आदराने बघतात.)

एवढ्यात सासवडहून हेमचंद्रांचे वडील, पद्माकरअप्पा, महिनाभरासाठी आले. पेटीवर अवनीने लेपर्ड गेकोचा फोटो चिकटवला होता. अप्पांनी तो चष्मा वर करून पाहिला.

"ही होय? ही तर आपल्या माळावर निघते. अश्शीच ठिपक्यांची. गेल्या पावसाळ्यात गोठ्यापाशी दोन ठेचल्या मी. विषारी असते."

"विषारी नसते, अप्पा," हेमचंद्र म्हणाले. त्यांनी सगळे व्हिडिओ पाहिले होते.

"तू मला सांगतोस? लहानपणी तूच तर ओरडत यायचास, 'अप्पा, चप्पल!'"

अवनीने बाबांकडे पाहिलं. हेमचंद्र एसीचं तापमान तपासायला निघून गेले.

तेवढ्यात बुंदी पेटीतून बाहेर आली आणि टेबलावरून तुरुतुरु निघाली. अप्पांचा हात आपसूक पायाकडे गेला. चप्पल वर उठली.

"आजोबा, नको!" अवनी टेबलावर आडवीच पडली. "ती इथलीच आहे!"

चप्पल हवेत राहिली. अप्पांनी नातीकडे पाहिलं. ती टेबलावरून हलेना. त्यांनी चप्पल सावकाश पायात घातली आणि विचारलं, "बरं. खाते काय ही?"

अवनीने डबा पुढे केला. अप्पांच्या हातून एक अळी चुकून पडली.

वाचकहो, तुम्हाला अप्पांचं हसू आलं असेल. येऊ द्या. पण मघापासून तुमच्या ट्यूबलाइटकडे बघत हा अंक जो गुंडाळून हातात घेतलाय, तो आधी सरळ करा.